व्हिडिओ कोपरा : एक भूत, चार सिनेमे



हॅलोवीन जवळ आले की या सदराकडे ठरलेली विचारणा येते : ‘मुले "एक्झॉर्सिस्ट" बघायचा म्हणतात, दाखवावा का?’ यंदा तिला एक शेपूट फुटले आहे. ज्यांनी दाखवायचे ठरवले ते विचारतात, ‘दाखवतो, पण नक्की कोणता?’ प्रश्न रास्त आहे. त्या नावाचा सिनेमा शोधायला गेले की एक निघतो १२२ मिनिटांचा, दुसरा १३२ मिनिटांचा. शिवाय ‘याच्या आधी काय घडले’ हे सांगणारे आणखी दोन निघतात. त्या दोघांत नायक तोच, कॅमेरा चालवणारा तोच, गोष्टीचा सांगाडाही तोच, आणि तरी सिनेमे दोन! आम्ही चारही ओळीने पाहिले. चार शनिवार खर्ची पडले. घरच्या मंडळींनी दुसऱ्या शनिवारनंतर वरच्या मजल्यावर जाऊन झोपणे पसंत केले आणि खालच्या बेसमेंटमध्ये आम्ही, चिवड्याचा डबा आणि सैतान एवढेच उरलो.

आपण वॉशिंग्टनच्या आसपास राहणारी मंडळी. आपल्याला हा सिनेमा तसा शेजारचाच. जॉर्जटाऊनला प्रॉस्पेक्ट स्ट्रीटवरून खाली उतरणारा तो पंचाहत्तर पायऱ्यांचा उभा, अरुंद दगडी जिना आपल्यापैकी बहुतेकांनी भारतातून आलेल्या पाहुण्यांना दाखवलेला आहे. लिंकन मेमोरियल, व्हाइट हाऊस, म्युझियम, आणि पाहुण्यांत कुणी कॉलेजकुमार असला तर हा जिना. २०१५ साली शहराने तिथे रीतसर पाटीही लावली. जवळचे घर बघून पाहुणा हमखास म्हणतो, ‘अहो, पण खिडकीतून उडी मारली तर जिन्यावर कसा पडेल? घर तर केवढे आत आहे!’ पाहुण्याचे बरोबर आहे. चित्रीकरणासाठी घराला जिन्यापर्यंत पोचणारा एक खोटा भाग जोडला होता. आणि स्टंट करणाऱ्याची हाडे शाबूत राहावीत म्हणून पायऱ्यांवर रबर अंथरले होते.

गोष्टीचे मूळही इथलेच आहे. १९४९ साली मेरीलँडच्या उपनगरातल्या एका मुलाला सैतानाने पछाडले आहे असे मानून कॅथलिक धर्मगुरूंनी त्याच्यावर विधी केले. शेवटचे विधी सेंट लुईसला झाले. ती बातमी इथल्या वर्तमानपत्रात आली तेव्हा विल्यम पीटर ब्लॅटी नावाचा तरुण जॉर्जटाऊन विद्यापीठात शिकत होता. बातमी त्याच्या डोक्यात वीसेक वर्षे मुरली. १९७१ साली कादंबरी आली, आणि विल्यम फ्रीडकिन यांनी दिग्दर्शित केलेला सिनेमा १९७३च्या नाताळात, अगदी दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला लागला. पटकथा ब्लॅटींचीच. दहा ऑस्कर नामांकने मिळाली, पुतळे दोन : पटकथेला आणि ध्वनीला. ध्वनीचा पुतळा तर आम्ही आजही डोळे मिटून देऊ. हा सिनेमा एकदा नुसता कानांनी ऐकून पाहा. माळ्यावरची खुडबुड, पलंगाचे खडखडणे, आणि त्या बारा वर्षांच्या पोरीच्या तोंडून येणारा मर्सेडिस मॅकेम्ब्रिज या बाईंचा घोगरा, फाटका आवाज! १९७४ साली इथे शिकायला आलेल्या आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी तो थिएटरात पाहिला आणि वसतिगृहाच्या खोलीतला दिवा आठवडाभर चालू ठेवला. देवावर विश्वास नव्हता, पण विजेचे बिल विद्यापीठ भरत होते.

गोष्ट बहुतेकांना माहीत आहे, तरी दोन ओळींत सांगतो. क्रिस ही सिनेनटी, घटस्फोटित, चित्रीकरणासाठी मुलीला घेऊन जॉर्जटाऊनला भाड्याच्या घरात राहायला आलेली. मुलगी रीगन हळूहळू बदलते. आई डॉक्टरांकडे धावते, डॉक्टर हात टेकतात, मग दोन पाद्री येतात : फादर कॅरस, जो स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि ज्याची श्रद्धा डळमळली आहे, आणि वृद्ध फादर मेरिन, ज्याने पूर्वी आफ्रिकेत असाच एक सैतान काढला होता. मेरिनचे काम करणारे मॅक्स फॉन सिडो तेव्हा अवघे चव्वेचाळीस वर्षांचे होते. डिक स्मिथ या रंगभूषाकाराने त्यांना असे म्हातारे केले की सिडो पुढे खरोखर म्हातारे झाले तेव्हा लोकांना त्यांच्यात काही बदल दिसेना.

लोक मान गरगर फिरते त्याची गोष्ट करतात. आजची मुले तिथे हसतात, आणि त्यांचे चुकते असेही नाही. पण आमच्या मते या सिनेमाचा जीव पहिल्या तासात आहे. परक्या गावातले घर. बंद दाराआड आपले मूल. काल मांडीवर येऊन बसणारी पोर आज वेगळ्याच आवाजात बोलते, आईकडे अनोळखी माणसाकडे बघावे तसे बघते, आणि काय झाले हे कुणीच सांगू शकत नाही. इथे मुले वाढवलेल्या कुठल्याही आईबापाला या तासासाठी सैतानाची गरज नाही. हॉस्पिटलात तिच्या मानेत सुई खुपसून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढतात, तो प्रसंग सगळ्या सिनेमात बघायला सर्वांत कठीण आहे, आणि त्यात भुताखेताचे काहीही नाही. खरेखुरे यंत्र, खरीखुरी तपासणी. आमच्याबरोबर बसलेली सोळा-सतरा वर्षांची दोन पोरे मान फिरली तेव्हा हसली होती. या प्रसंगात दोघांनीही पाय वर घेतले.

आणि एक गोष्ट ब्लॅटींनी फार जबाबदारीने केली आहे. क्रिस आधी डॉक्टरांकडे जाते, एकदोन नव्हे, तिच्याच तोंडी अठ्ठ्याऐंशी असा आकडा आहे. पाद्र्याकडे ती जाते तेव्हा पाद्रीच तिला सांगतो की बाई, असले विधी करायचे दिवस गेले, आता आपल्याला मानसिक आजार समजतात. पुढेही तो पुरावे गोळा करतो, आवाज टेप करून उलटे ऐकतो, साधे नळाचे पाणी पवित्र तीर्थ म्हणून शिंपडून बघतो. सैतान त्या पाण्यानेही विव्हळतो, म्हणजे शंकेला जागा राहतेच.

हे मुद्दाम लांबवून लिहिण्याचे कारण आहे. काही वर्षांपूर्वी आपल्याच परिचयातल्या एका घरात मुलगा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना असाच बदलला. रात्ररात्र जागायचा, भिंतीशी बोलायचा. कुणाचे घर, ते विचारू नका, सांगणार नाही. तिकडून फोनवर सल्ले सुरू झाले : बाहेरची बाधा आहे, अमुक स्थानावर घेऊन या, तमुक अंगारा लावा. आईवडील दोघे शिकलेसवरलेले. तरी त्या फोनांमध्ये सात महिने गेले. लाजेपोटी इथे कुणाला बोलले नाहीत. शेवटी डॉक्टर गाठला, निदान झाले, औषध सुरू झाले. मुलगा आज नोकरी करतो. आई मात्र अजून म्हणते, ‘ते सात महिने मला कुणी परत देईल का?’ तेव्हा ज्या घरात हा सिनेमा लावाल तिथे बरोबर बसा, आणि पहिल्या तासात पॉपकॉर्न आणायला उठू नका.

आता आवृत्त्यांकडे वळू.

१९७३ साली फ्रीडकिन यांनी शेवटच्या संकलनात दहाएक मिनिटे कापली. ब्लॅटींना ते पटले नव्हते. दोघांची मैत्री टिकली, वादही टिकला, आणि सत्तावीस वर्षांनी मित्राच्या हट्टापुढे दिग्दर्शक नमला. २००० साली कापलेला भाग परत जोडून, थोडी नवी करामत घालून, ‘तुम्ही कधीच न पाहिलेली आवृत्ती’ म्हणून सिनेमा पुन्हा थिएटरात लागला. तोच १३२ मिनिटांचा. लंडनकडच्या नातेवाइकांना तर तेव्हा चंगळच वाटली असेल, कारण तिथे १९८८पासून १९९९पर्यंत हा सिनेमा घरच्या व्हिडिओवर अधिकृतपणे मिळतच नव्हता. सेन्सॉरवाले प्रमाणपत्र देईनात.

परत आलेल्या भागात एक निश्चितच हवा होता. रीगनची पहिली डॉक्टरभेट. जुन्या आवृत्तीत आई तिला म्हणते की डॉक्टर म्हणाले तसे हे नुसते मज्जातंतूंचे आहे, गोळ्या घे. आणि आपण विचारात पडतो, कोण डॉक्टर? कधी गेली होती? नव्या आवृत्तीत ते भोक बुजले आहे. शिवाय मुलगी बदलायला लागल्याची खूणही लवकर मिळते.

दुसरा भाग सगळ्यांत गाजलेला : रीगन कोळ्यासारखी उलटी होऊन हातापायांवर जिना उतरते. १९७३ साली तारा दिसत होत्या. २०००पर्यंत संगणकाने त्या पुसता यायला लागल्या. प्रसंग अंगावर येतो, यात शंका नाही. पण येतो कुठे? आईला आपल्या दिग्दर्शक मित्राच्या मृत्यूची बातमी आत्ताच कळलेली आहे. तो धक्का आपण गिळतो न गिळतो तोच हा दुसरा. वरणभातावर तूप घातले, त्यावर कुणी लगेच श्रीखंडही वाढले, अशातली गत. फ्रीडकिनची पहिली कात्री बरोबर होती असे आमचे मत.

तिसरी गोष्ट म्हणजे नव्याने चिकटवलेले चेहरे. स्वयंपाकघरातल्या चिमणीवर, दाराच्या काळोखात, सैतानाचा पांढरा चेहरा क्षणभर चमकवलाय. मूळ सिनेमात कॅरसच्या स्वप्नात तो चेहरा असाच निमिषभर येतो. पाहणारा दचकून शेजारच्याला विचारतो, ‘तुला दिसले का काही?’ तेवढ्यानेच काम झाले होते. पुन्हापुन्हा दाखवून त्याची जत्रेतल्या फलकासारखी अवस्था केली आहे.

शेवटही बदलला. जुन्यात फादर डायर जिन्याच्या माथ्याशी उभा राहतो, खाली बघतो आणि निघून जातो. नव्यात पोलीस अधिकारी किंडरमन येतो, दोघे सिनेमाच्या गप्पा मारत निघतात. एक मैत्री संपली, दुसरी सुरू झाली. ब्लॅटींना हेच हवे होते. लोक थिएटरातून सैतान जिंकला अशा समजुतीने बाहेर पडतात याची त्यांना खंत होती. आम्हाला दोन्ही शेवट आवडतात. जुना रात्री आवडतो, नवा सकाळी.

पण दोन आवृत्त्यांतला खरा झगडा या कशातच नाही. तो आहे जिन्यावर. दगडी जिन्यावर नव्हे, घरातल्या. विधीच्या मध्यंतरात दोघे थकलेले पाद्री पायऱ्यांवर बसतात. १९७३च्या आवृत्तीत ते गप्प बसतात. बस्स. नव्या आवृत्तीत कॅरस विचारतो की हीच मुलगी का? याला अर्थ काय? आणि मेरिन उत्तर देतो. त्याचा आशय असा की रोख त्या मुलीवर नाही, भोवती उभ्या असलेल्या आपल्यावर आहे. आपल्याला स्वतःची किळस यावी, आपण जनावर आहोत, देवाने आपल्यावर माया करावी अशी आपली लायकीच नाही, असे आपल्याला वाटावे, म्हणून हे सगळे चालले आहे. ब्लॅटींच्या मते संपूर्ण सिनेमा या चार वाक्यांसाठी होता. फ्रीडकिनच्या मते जे प्रेक्षकाला जाणवते आहे ते पात्राने कशाला बोलून दाखवायचे?

आम्ही हा प्रसंग दोन्ही तऱ्हांनी पुन्हापुन्हा लावून पाहिला. न बोलता बसलेले ते दोघे जास्त खरे वाटतात. रात्री दोन वाजता हॉस्पिटलच्या बाकावर बसलेली माणसे ‘का’ याचे उत्तर एकमेकांना देत नाहीत. पण उत्तर चांगले आहे हेही कबूल. एकदा ऐकले की मग जुनी आवृत्ती पाहतानाही ते ऐकू येते. म्हणून विचारणाऱ्यांना आमचा सल्ला : पहिल्यांदा बघणार असाल तर १९७३ची बघा. दुसऱ्यांदा २०००ची.

‘हीच का?’ हा प्रश्न आपल्याला जरा जास्त टोचतो, त्याचेही कारण आहे. आपल्याकडचे भूत हे नेहमी हिशेबाचे भूत. कुणाची तरी जमीन लाटलेली असते, कुणा सासुरवाशिणीला विहीर जवळ करावी लागलेली असते, पिंड दिलेला नसतो. भूत वसुलीला येते. हिशेब चुकता केला की जाते. नारायण धारपांच्या कथा पांघरुणात टॉर्च घेऊन वाचल्या त्या पिढीला आठवत असेल, एकदा समर्थ प्रवेश करते झाले की पान उलटताना हात थरथरायचा थांबे. इथे दोन्ही समर्थ प्राणाला मुकतात. आणि मुलीने काय केले होते? काही नाही. खेळ म्हणून एक प्लँचेटचा फळा घेऊन बसली होती, इतकेच.

याच गोष्टीचे आपल्या मातीतले रूप बघायचे असेल तर १९८०चा ‘गहराई’ शोधा. हिंदी आहे, पण हात सगळे आपले : दिग्दर्शन अरुणा राजे आणि विकास देसाई, लेखनात विजय तेंडुलकर, वडिलांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू, पछाडलेल्या मुलीच्या भूमिकेत पद्मिनी कोल्हापुरे, भाऊ अनंत नाग. वडील वाडवडिलांची जमीन कारखान्याला विकतात आणि मुलगी बदलू लागते. बापाचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. आयुष्यभर देवाला रिटायर करा म्हणणारे लागू तिथे उभे करणे म्हणजे निवड करणाऱ्याला दाद द्यावी. आणि इथे हिशेब आहे. बापाच्या जुन्या पापाचा. मुलीच्या तोंडून तो वाचला जातो तेव्हा घरातले पुरुष खाली बघतात. त्याच्या आधी १९७७मध्ये ‘जादू टोना’ येऊन गेला होता, तो मात्र आम्ही कुणाला शोधायला सांगणार नाही.

आता पूर्वकथा. इथली पडद्यामागची गोष्ट पडद्यावरच्या गोष्टीइतकीच विलक्षण आहे.

मेरिनने आफ्रिकेत सैतान काढला होता, हे पहिल्या सिनेमातले एक ओझरते वाक्य. त्यावरून स्वतंत्र सिनेमा काढायचे ठरले. आधी जॉन फ्रँकनहायमर दिग्दर्शन करणार होते. प्रकृतीमुळे त्यांनी सोडले आणि २००२च्या जुलैत त्यांचे निधन झाले. मग काम गेले पॉल श्रेडरकडे. ‘टॅक्सी ड्रायव्हर’ लिहिणारे ते हेच. मिशिगनमधल्या कडक प्रोटेस्टंट घरात वाढलेले, सिनेमा बघणेच पाप अशा वातावरणातले. अशा माणसाला देवाची वाट चुकलेल्या पाद्र्याची गोष्ट दिली तर तो रक्ताच्या चिळकांड्या थोड्याच उडवणार! त्याने मेरिनच्या मनातल्या अपराधाचा सिनेमा केला. स्टेलान स्कार्सगार्ड मेरिन, कॅमेऱ्यावर व्हिट्टोरिओ स्टोरारो. मोरोक्कोत आणि रोममध्ये चित्रीकरण झाले, सिनेमा तयार झाला, निर्मात्यांनी पाहिला आणि म्हणाले, ‘यात भीती कुठे आहे?’

इथपर्यंत नेहमीचेच. चार प्रसंग नव्याने घ्या म्हणतात, थोडे रक्त वाढवा म्हणतात. या निर्मात्यांनी काय करावे? श्रेडरना निरोप दिला, ‘डाय हार्ड २’वाले रेनी हार्लिन यांना बोलावले, पटकथा नव्याने लिहून घेतली, आणि जवळजवळ अख्खा सिनेमा पुन्हा काढला. स्कार्सगार्ड तेच, स्टोरारोही तेच. डॉक्टरीणबाई बदलल्या, तरुण पाद्री बदलला, पछाडला जाणारा माणूस बदलला. तयार सिनेमा कपाटात, दुसरा बाजारात! लग्नाचा स्वयंपाक संपूर्ण झाल्यावर आचारी बदलून त्याच भाज्यांचा दुसरा स्वयंपाक करावा, तसे.

हार्लिनचा ‘द बिगिनिंग’ २० ऑगस्ट २००४ रोजी लागला. जगभरात सुमारे पावणेआठ कोटी डॉलर मिळाले. दोन सिनेमांचा खर्च बघता ते पुरेसे नव्हते. समीक्षकांनी धुतला. तेव्हा निर्मात्यांना कपाटाची आठवण झाली. श्रेडरना थोडेसे पैसे देऊन अर्धवट राहिलेले काम उरकायला सांगितले आणि २० मे २००५ रोजी ‘डोमिनियन’ अमेरिकेत मोजक्या पडद्यांवर आला. जेमतेम अडीच लाख डॉलर मिळाले. एकाच गोष्टीचे दोन दिग्दर्शकांचे दोन पूर्ण सिनेमे, एकाच नायकासह, वर्षाच्या आत. चित्रपटसृष्टीत असा योग क्वचितच येतो, आणि तुलना करायला तो दुसऱ्या कशापेक्षाही उत्तम.

दोन्हीत मेरिनच्या भूतकाळातला एक प्रसंग आहे. दुसऱ्या महायुद्धातले हॉलंड, एक जर्मन सैनिक मेलेला सापडतो. नाझी अधिकारी गावकऱ्यांना गोळा करतो आणि पाद्री मेरिनला सांगतो की यांतले दहा तू निवड, मी त्यांना गोळ्या घालतो. नाही निवडलेस तर सगळे गाव. मेरिन म्हणतो, मला मारा. अधिकारी ऐकत नाही. शेवटी मेरिन बोट दाखवू लागतो.

श्रेडर सिनेमाची सुरुवातच या प्रसंगाने करतो आणि तो सलग दाखवतो. वेळ घेऊन, चेहरे दाखवत. त्यानंतर आफ्रिकेत, १९४७ साली, पाद्रीपण सोडून उत्खनन करणारा मेरिन भेटतो तेव्हा त्याच्या गप्प बसण्याचे कारण आपल्याला माहीत असते. हार्लिन तोच प्रसंग तुकडे करून पेरतो, मेरिनला झटके यावेत तसा. रहस्य टिकते, पण माणूस पातळ होतो. हार्लिनची सुरुवात आहे मध्ययुगीन रणांगणाची : उलटे टांगलेले क्रूस, प्रेतांचा खच. डोळे विस्फारतात, मन जागचे हलत नाही.

दोघांतही केनियात वाळूखाली एक प्राचीन चर्च सापडते, जिथे ते असायचे काहीच कारण नाही, आणि ते बांधल्याबरोबर पुरून टाकलेले दिसते. हा धागा सुंदर आहे आणि दोघांनीही तो नीट वापरलाय. पुढे वाटा फुटतात. हार्लिनकडे संगणकावर काढलेले तरस एका मुलाला फाडतात (तरस इतके खोटे की मुलांनी इथेही हसून घेतले), सगळे ज्या पोराला पछाडलेले समजतात तो निर्दोष निघतो, आणि शेवटी डॉक्टरीणबाईंच्या अंगात सैतान येऊन बोगद्यांमधून पळापळ होते. बाई १९७३च्या रीगनसारख्याच दिसतात आणि तशाच शिव्या देतात. मूळ गाण्याचे रिमिक्स.

श्रेडरचा सैतान वेगळाच. गावाने वाळीत टाकलेला, हातापायांनी अधू असा चेचे नावाचा तरुण आहे. सैतान अंगात शिरतो आणि चेचे बरा होऊ लागतो. हात सरळ होतो, जखमा भरतात, चेहऱ्यावर तेज येते. तरुण पाद्र्याला वाटते, चमत्कार! पहिल्या सिनेमात सैतान निरोगी मुलीला विद्रूप करतो, इथे विद्रूप झालेल्याला सुंदर करतो. आणि मेरिनला तो धमकी देत नाही, भेट देऊ करतो : चल, तुला हॉलंडमधल्या त्या सकाळी परत नेतो, या वेळी तू वेगळे वाग. पश्चात्तापाने पोखरलेल्या माणसाला याहून गोड विष कोणते असेल? मेरिन भासात ती सकाळ पुन्हा जगतो, वेगळे वागतो, आणि तरी माणसे मरतातच. मग तो पुन्हा पाद्र्याची वस्त्रे चढवतो. हा प्रसंग चारही सिनेमांत आम्हाला सर्वांत वरचा वाटला, मग पैशाअभावी त्यातली करामत कच्ची का दिसेना.

आणखी एक. श्रेडरच्या सिनेमात ब्रिटिश फौज गावात येते. दोन सैनिक मरतात, आणि इंग्रज मेजर गावकऱ्यांना उभे करून, गुन्हेगार सांगा म्हणत, एका निरपराध मुलीला गोळी घालतो. हॉलंडमधली सकाळ हुबेहूब, फक्त गणवेष बदललेला. इंग्रजी पडद्यावर नाझी आणि साम्राज्याचा अधिकारी असे एका रांगेत उभे केलेले फारसे बघायला मिळत नाहीत. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या आजोबांनी बेचाळीसमध्ये लाठ्या खाल्ल्या त्यांना तिथे वेगळे समजावून सांगायला नको.

दोन्ही पूर्वकथांना एक दोष सारखाच आहे, तो सांगितलाच पाहिजे. पहिल्या सिनेमात धर्मगुरू म्हणतात की मेरिनचा आफ्रिकेतला तो विधी दहा-बारा वर्षांपूर्वीचा, महिनोन् महिने चालला होता आणि त्यात म्हातारा मरता मरता वाचला. पूर्वकथांत तो पंचवीस वर्षे मागे गेला आहे आणि एका रात्रीत आटोपतो! ते महिने कुणीच दाखवलेले नाहीत. आमच्या मते खरी भीती त्या महिन्यांतच असणार.

सैतानाचे नाव पाझुझू. प्राचीन असिरियाच्या वाऱ्याचा हा देव. पहिल्या सिनेमाच्या सुरुवातीला इराकमध्ये, मोसुलजवळच्या हत्राच्या अवशेषांत, मेरिन त्याच्या मूर्तीसमोर उभा राहतो तो प्रसंग आठवा. (२०१५ साली दहशतवाद्यांनी त्या हत्राची तोडफोड केली. सिनेमातली ती पाच मिनिटे आता दस्तऐवज झाली.) गंमत अशी की त्या काळी बाळंतिणी या पाझुझूचा ताईत गळ्यात घालत, कारण तो त्याच्याहून वाईट अशा लमाश्तू राक्षसिणीला पळवून लावतो अशी समजूत होती. आपण दारावर काळी बाहुली टांगतो, गाडीला लिंबू-मिरची बांधतो, तसाच प्रकार. हॉलिवूडने राखणदारालाच चोर ठरवला.

बाकीच्या भागांबद्दल थोडक्यात. १९७७चा दुसरा भाग रिचर्ड बर्टन असूनही बघू नये. १९९०चा तिसरा ब्लॅटींनी स्वतः दिग्दर्शित केला, तो जरूर बघावा. हॉस्पिटलच्या लांब व्हरांड्यातला एक प्रसंग असा आहे की काहीच घडत नसताना श्वास अडकतो, आणि मग घडते. तिथेही निर्मात्यांनी शेवटी पाद्री आणि विधी घुसडायला लावले होते. निर्मिती संस्था पुढे पूर्वकथा काढणारीच. २०१६ साली ब्लॅटींच्या मनासारखी आवृत्ती जुन्या व्हिडिओ कॅसेटवरच्या तुकड्यांतून जुळवून डिस्कवर आली. ब्लॅटी २०१७च्या जानेवारीत गेले, फ्रीडकिन २०२३च्या ऑगस्टमध्ये. त्याच वर्षी आणखी एक नवा भाग निघाला. त्यासाठी पाचवा शनिवार घालवावा असे आम्हाला वाटले नाही.

व्यवहाराचे तेवढे सांगून थांबतो. चारही सिनेमे ‘आर’ प्रमाणपत्राचे आहेत. पंधरा वर्षांखालच्यांना आम्ही एकही दाखवणार नाही. १९७३च्या सिनेमातली एक-दोन दृश्ये आईवडिलांबरोबर बघताना मुलांनाच जास्त अवघडल्यासारखे होते, तेव्हा त्या वेळी खुशाल चहा टाकायला उठा. फक्त आधी सांगितल्याप्रमाणे पहिल्या तासात नको. डिस्क घेताना मागच्या बाजूला मिनिटे बघा, नावावर जाऊ नका. पूर्वकथांपैकी एकच बघायची तर ‘डोमिनियन’. दोन्ही बघायच्या तर आधी हार्लिन, मग श्रेडर. उलट क्रमाने बघितलेत तर हार्लिनला अर्ध्यात बंद कराल. काउंटीच्या लायब्ररीत मागणी नोंदवली तर बहुधा मिळतील. ‘गहराई’ची प्रत कुणाकडे असल्यास संपादकांना जरूर कळवावे, चारपाच घरे रांगेत आहेत.

पुढचा अंक दिवाळीचा. तेव्हा विषय गोड असेल.